पाहुण्याच्या बुटाला माती लागली नाही

परवा मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास, भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या शिवारात, ओढ्याअलीकडच्या उतारावर मल्लेशची पिकअप रुतली. मागे दुधाचे कॅन होते. पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन त्याची मुलगी रेणू बसली होती. मागचं उजवं चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि दर फेऱ्याला थोडं थोडं खाली गेलं. त्या चाकावर मी होतो.

मित्रांनो, मी टायर आहे. आता जुना म्हणायला हरकत नाही. तिसरा पावसाळा आहे माझा. या उतारावरून मी रोज गेलो आणि रोज परत आलो. कधी अडकलो नव्हतो. मंगळवारी अडकलो, कारण माझ्या अंगावरचे रबराचे ठोकळे झिजून नखाएवढे उरले आहेत. यात नवल काही नाही. झिजणं हे टायरचं काम आहे.

नवल पुढे घडलं. रेणूनं चपला हातात घेतल्या, दप्तर डोक्यावर घेतलं आणि ती रडवेली होऊन वस्तीकडे परत निघाली. गलका ऐकून श्रीदेवी, म्हणजे मल्लेशची बायको, बांधावर आली. रुतलेल्या चाकाकडे, म्हणजे माझ्याकडे, तिनं बराच वेळ पाहिलं. चिडली नाही. पदर खोचत म्हणाली, "बरं झालं."

मल्लेश गुडघाभर चिखलात उभा होता. "काय बरं झालं?"

"रुतली ते."

हे 'बरं झालं' कळायचं असेल, तर मला माझी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागेल.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. रबर, काजळी, तारा आणि कापड यांच्या थरांवर थर बसवून मला साच्यात घातलं आणि दाबून शिजवलं. साच्यातून बाहेर पडताना जी नक्षी अंगावर उमटली, तीच माझी जात ठरली. तिथून ट्रकमध्ये रचून आम्हाला बीदरला आणलं. भालकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धनराजचं टायरचं दुकान आहे. तिथल्या लोखंडी मांडणीवर मी उन्हाळा काढला. वर दिवसभर हवाई दलाची शिकाऊ विमानं घिरट्या घालत असत आणि खाली गिऱ्हाइकं मला दाबून बघून पुढे जात असत.

त्या मांडणीवर आमच्या तीन जाती होत्या. डाव्या हाताला सपाट टायर. त्यांच्या अंगावर नुसत्या उभ्या रेघा, डांबरी रस्त्यासाठी. उजव्या हाताला चिखलाचे टायर, विटेएवढे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये हात जाईल एवढ्या खाचा. मधल्या फळीवर आम्ही, ज्यांना दुकानात ऑल टेरेन म्हणतात. डांबर, मुरूम, माती, सगळीकडे चालणारे. सगळीकडे चालणारा कुठेच पहिला येत नाही, हे धनराज गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकत असे. म्हणून आम्ही कमी खपायचो.

मे महिन्याच्या शेवटी मल्लेश त्याच्या वडिलांना, तुळजारामअप्पांना, घेऊन आला. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. अप्पांनी तरुणपणी कळपामागे मुलूख पालथा घातला होता. आता घरी चार म्हशी, थोडी तूर-सोयाबीनची जमीन आणि ही पिकअप. वस्तीवरचं सगळं दूध मल्लेश भालकीच्या डेअरीला घालायचा.

"वाट कसली हाय?" धनराजनं विचारलं.

"फाट्यापातूर डांबर. तिथून आत निव्वळ रेगड, आन् मधी एक ओढा."

"मग ऐक. चिखलाचा टायर घेशीला तर चिखलात राजा, डांबरावर भिकारी. वर्षात घासून जाईल, आन् भणभण अशी की शेजारी बसलेल्याचं ऐकू यायचं न्हाई. सपाट घेशीला तर डांबरावर नवरदेव, पण रेगडीत वऱ्हाड उतरून ढकलाया लागतंय."

"आन् ह्यो मधला?"

"ह्यो घरजावई. सगळी कामं करतोय, नाव कुणी घेत न्हाई."

मल्लेश हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी मला फळीवरून खाली घ्यायला लावलं, उकिडवे बसले आणि माझ्या खाचेत अंगठा घालून तो बाहेर ओढला.

"मेंढरू घेताना तोंड बघू न्हाई, खूर बघावा," ते म्हणाले. "ह्येच्या खुरात माती बसली तर ह्यो झटकतोय का संगं घिऊन हिंडतोय?"

"झटकतोय अप्पा. कडंला खाच खुल्ली हाय बघा. फिरला की फेकतोय."

"बाभळीचा काटा?"

"बाजूची कूस जाड हाय. पण काटा काटाच. त्येची गॅरंटी मी देत न्हाई."

"कॅन भरल्यावर बसंल काय?"

"बसत न्हाई. वजन पेलायचा आकडा बघूनच काढलाय मी." धनराज मल्लेशकडे वळला. "एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. चिखलात उतरायच्या आधी हवा थोडी सोडायची, म्हणजी टायर पसरतोय आन् माती धरतोय. डांबराला लागलास की परत भरायची. लोक टणक हवा घालून रेगडीत घुसतात, रुततात, आन् मग मला शिव्या घालतात."

अशी माझी निवड झाली. नाव, रंग, जाहिरात कुणी पाहिली नाही. वाट पाहिली आणि त्या वाटेला मी लावला. आम्हा चौघांना गाडीला चढवल्यावर अप्पांनी कनवटीची पुडी सोडली आणि मैलार मल्लण्णाचं, म्हणजे खंडोबाचं, नाव घेऊन प्रत्येकाला चिमूटभर भंडारा लावला. मला शेवटी.

काम सुरू झालं. रेगडीबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या काळ्या मातीबद्दल, थोडं सांगतो. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि तिचे काठ दगडासारखे होतात. पाऊस झाला की तीच माती डिंक होते. बैलाच्या खुराला, माणसाच्या पायाला, चाकाला ती चिकटते आणि सोडत नाही. आधीच्या सपाट टायरांवर ही गाडी पावसाळ्यात फाट्यावरच उभी असायची. वस्तीवरचे लोक कॅन डोक्यावर घेऊन तिथवर जायचे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मल्लेशनं हवा सोडली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही ओढा पार केला. पलीकडच्या काठावर वस्तीची माणसं उभी होती. कुणीतरी शिट्टी वाजवली.

त्यानंतर वस्तीवरचं सगळं माझ्यावरून गेलं. दूध, पेंडीची पोती, दाराची चौकट, आजारी म्हैस. सिद्धम्मा नावाची एक म्हातारी होती. तिला दम्याच्या डॉक्टरकडे न्यायचं असलं, की मल्लेशच्या दारात येऊन ती मलाच काठीनं ठोकायची आणि विचारायची, "काय रे रेड्या, चलतोस ना?" पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी मी चालतो हे सगळ्यांनी धरून घेतलं. कौतुक थांबलं आणि फेऱ्या वाढल्या. सकाळी हवा सोडायची, फाट्यावर भरायची, संध्याकाळी पुन्हा सोडायची. पुढे पुढे मल्लेशही दमला. हवा सोडायचा, पण भरायचं राहून जायचं, आणि मी मऊ अंगानं तापलेल्या डांबरावरून भालकीपर्यंत जायचो. त्यानं माझ्या कडा अधिक झिजल्या.

श्रीदेवी मात्र पहिल्या दिवसापासून रस्त्याच्या मागे होती. टायर हा रस्ता नाही, हे ती घरात रोज म्हणायची. वस्तीवरची निम्मी घरं तोवर कुलपात गेली होती. कुणी भालकीला, कुणी हैदराबादला. रेणूची गावातली शाळा पाचवीपर्यंत. पुढे भालकीची शाळा, आणि शाळेची बस फाट्याच्या आत येत नाही. श्रीदेवी ग्रामसभेत उभी राहिली. पंचायतीतले सभासद अंकुशराव यांच्या घरी खेटे घातले. नवऱ्याला तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "रस्ता झाला तर हितं. न्हाई झाला तर मी पोरीला घिऊन भालकीला खोली करणार. तुमी राहा म्हशी राखत."

मल्लेशला हे नको होतं. म्हशी आणि अप्पा टाकून त्याला जाता येत नव्हतं, आणि बायको-मुलगी शहरात, आपण शिवारात, असला संसार त्यानं कुलपात गेलेल्या घरांत पाहिला होता. त्याचं सगळं घर त्या एका रस्त्यावर अवलंबून होतं.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, इंजिनिअरसाहेब पाहणीला येणार असं ठरलं. तालुक्यात निधी एकाच रस्त्यापुरता होता आणि मागणारी गावं पुष्कळ. आदल्या संध्याकाळी वस्ती मल्लेशच्या अंगणात जमली. ठराव साधा होता. साहेबांना फाट्यापासून चालत आणायचं. चिखल त्यांच्या पायाला कळला पाहिजे. गाडी गोठ्याआड लावायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनीही डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबून थांबून चालू होता. साहेब फाट्यावर उतरले. तरुण होते, सभ्य होते, पायात पॉलिश केलेले बूट होते. शेजारी छत्री धरून अंकुशराव. स्वागताला पटका बांधून अप्पा गेले होते. साहेबांनी वाकून नमस्कार केला, विजार घोट्यावर दुमडली आणि चिखलात पहिलं पाऊल टाकायला पाय उचलला.

तो पाय अप्पांना बघवला नाही.

"थांबा थांबा साहेब!" अप्पा ओरडले. मग शिवाराकडे तोंड करून, पूर्वी कळपाला घालत तशी हाक त्यांनी घातली, "मल्लेशाऽ! गाडी आण!"

अंकुशराव त्यांच्या कानाशी लागले. "अप्पा, कामून? काल काय ठरलंय?"

"ठरलं असंल. पाव्हणा माझ्या दारात चिखल तुडवत येणार? माझ्या बापानं रानात पाल टाकलं होतं, तरी आल्या माणसाला घोंगडी सोडून भुईवर बसू दिलं न्हाई."

मल्लेशनं गाडी आणली. बापाची हाक त्याला मोडता आली नाही. हे एक कारण. दुसरं कारण मला चाकात जाणवलं. शेजारी साहेब बसले होते आणि मल्लेशला गाडी दाखवायची होती. हवा त्यानं घरून निघतानाच सोडली होती. उतारावर ब्रेकला पाय लावला नाही. ओढ्यात पाणी होतं, तळाला गाळ होता. मी तो धरला, झटकला, पुन्हा धरला. आम्ही चारही टायर एका दमात वर आलो. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, असं आजही म्हणेन.

"भारी टायर हायेत साहेब," मल्लेश म्हणाला. "कितीबी पाऊस होऊ द्या, आपली गाडी थांबत न्हाई."

अंगणात दूध झालं, पोहे झाले. निघताना साहेबांनी अंकुशरावांना कन्नडमध्ये जे सांगितलं, ते मल्लेशला नीट समजलं. घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलत वाढलेला माणूस तो. साहेब म्हणाले, दुसऱ्या एका वाडीला बैलगाडीसुद्धा जात नाही. इथं भर पावसात भरलेली गाडी जाते. मी कुठला रस्ता आधी घेऊ, तुम्हीच सांगा.

ते खोटं नव्हतं. अंकुशरावांनी नुसती छत्री उघडली. साहेबांना मल्लेशनंच गाडीतून फाट्यावर सोडलं.

त्या संध्याकाळी चुलीजवळ फार आवाज झाला नाही. श्रीदेवीनं अप्पांच्या पुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, पाव्हण्याच्या बुटाला माती लागू दिली न्हाईत तुमी. लई चांगलं केलं. तुमच्या नातीच्या दप्तराला आता दहावीपातूर लागू दे."

अप्पांनी ताट सारलं नाही. जेवलेही नाहीत. ते भाकरीच्या कडेवर बोट फिरवत बसले.

रस्ता दुसऱ्या वाडीला मिळाला. मी चालत राहिलो. यंदा रेणू सहावीत गेली, आणि सकाळी तिला फाट्यावर बसपर्यंत पोचवणं हे माझ्या कामात वाढलं. माझे ठोकळे झिजत गेले. उन्हाळ्यातच बदलायला हवे होते, असं धनराज फोनवर म्हणाला होता. मल्लेशनं एक पावसाळा निघेल म्हणून ढकललं. मित्रांनो, टायर एकदम संपत नाही, हीच त्याची अडचण आहे. रोज थोडा संपतो, आणि रोजचं थोडं कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

मग मंगळवार आला. गावातून ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढलं तोवर डेअरीची वेळ टळली होती. दूध परत आलं. रेणूची चाचणी बुडाली. आदल्या रात्रीच अंकुशरावांचा फोन आला होता. साहेब शुक्रवारी पुन्हा येणार. यंदाही एकच रस्ता.

श्रीदेवीच्या 'बरं झालं'चा अर्थ आता तुम्हाला लागला असेल.

"हेच टायर राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "शुक्कीरवारपातूर. साहेबांना रुतलेली गाडी बघू द्या."

"आन् तवर रेणू?"

"मी कडंवर घिऊन जाते."

"अकरा वर्षांची घोडी हाय ती."

"तर मग पाठंगुळी."

ओट्यावरून अप्पा म्हणाले, "ह्या बारीला मी गपच बसतोय, पोरी."

"तुमी बसाल, मामा. तुमचं तोंड बसतंय का?"

मल्लेशला हसू आलं. श्रीदेवीलाही आलं, पण तिनं ते दाबलं.

बुधवारी तिच्या म्हणण्याप्रमाणे मीच गाडीला होतो. पावसामुळे पाठंगुळीचा बेत राहिला आणि रेणू गाडीतच बसली. उतारावर मी रुतलो नाही. घसरलो. गाडी आडवी होऊन ओढ्याच्या काठाकडे सरकत गेली. मी धरायचा प्रयत्न केला, पण धरायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. एका बाभळीच्या बुंध्याला मागचा भाग टेकला आणि आम्ही थांबलो. खाली गढूळ पाणी वाहत होतं. रेणू ओरडली नाही. तिनं बापाचा शर्ट धरला होता, तो फाट्यापर्यंत सोडला नाही. त्या दिवशी मल्लेशनं गाडी फाट्यावरच ठेवली.

म्हणून आज, गुरुवारी, रेणूला बसमध्ये बसवून मल्लेश आणि श्रीदेवी डांबरी रस्त्यानं सावकाश बीदरला आले. धनराजनं गाडी ओंडक्यांवर चढवली आणि आम्हाला एकेक करून काढलं. मी आता भिंतीला टेकून उभा आहे. त्यानं आमच्या जातीचे नवे चार टायर एका बाजूला काढून ठेवले आहेत, आणि दुसऱ्या बाजूला सपाट चार.

श्रीदेवीनं नव्या टायरांकडे बघत विचारलं, "अण्णा, हे चढवले तर उद्या गाडी रुतंल काय?"

धनराजनं पाना खाली ठेवला. "रुतू न्हाई म्हणून तर लोक टायर घेतात, अक्का. रुतावी म्हणून गिऱ्हाईक आजवर आलं न्हाई माझ्याकडं."

"आन् ते सपाट?"

"ते रुततील. घसरतीलबी."

"मग नवे घाल, आन् साहेब आले की गाडी दडवून ठेव," शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. "सोपं हाय की."

"चाकाच्या खुणा कुठं दडवू?" मल्लेश म्हणाला. "ओली रेगड. गेलेल्या चाकाचं सगळं सांगती."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. टायरची हवा बघत जा, नक्षी बघत जा, झिजला की त्याला काढा. पण तेवढ्यावर थांबू नका. एखादी वस्तू किंवा एखादं माणूस तक्रार न करता रोज पार होत असेल, तर त्याच्या वाटेवर एकदा स्वतः उतरून चाला. निभतंय म्हणजे ठीक आहे असं नसतं. आम्ही निभावतो आणि त्यामुळेच वाट तशीच राहते, हे मला फार उशिरा कळलं. कळून मी काय करणार होतो, तेही मला माहीत नाही. चाक फिरलं की टायर फिरतो.

आता दुपारचे दोन वाजले आहेत. भालकीच्या बाजूला आभाळ काळं झालं आहे. साहेब उद्या दहाला फाट्यावर येतील, असं अंकुशरावांनी मघाशी पुन्हा कळवलं आहे. शाळेची बस त्याआधी, आज संध्याकाळी, रेणूला त्याच फाट्यावर उतरवणार आहे. धनराजनं 'कोणते चढवू?' असं दोनदा विचारलं आहे. मल्लेश आणि श्रीदेवी दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आहेत, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.